वास गेला म्हणून हसलात

अहो,

उद्या सकाळी लाँचचा खण उघडणार आहेत. मासळी ठेवायचा, पावसाळाभर बंद असलेला. साफ करायला मालकाने तुमच्या धाकट्या भावाला, विलासला, सांगितलंय. त्याच खणात मागच्या वर्षी तुमचा जीव गेला, म्हणून आज लिहायला बसले. नाहीतर तुमच्याशी बोलायची इच्छाच उरलेली नाही. किती राग आलाय तुमचा, सांगू?

धक्क्यावर मी डबा घेऊन उभी होते. खाली उतरताच तुम्ही शिव्या घातल्यात, सडक्या अंड्यासारखा वास मारतोय म्हणून. मग थोड्या वेळाने वर बघून हसलात. "वास गेला बग! आता कायव नाय." आणि पडलात. साधी हाकही मारली नाहीत!

वास होता तिथेच होता. तुमचं नाक तेवढं बंद पडलं होतं. मासळीच्या वासाचं आपल्याला काही वाटत नाही, याची केवढी मिजास होती तुम्हाला!

डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. कुजलेल्या मासळीच्या पाण्यातून एक विषारी वायू सुटतो. आधी नाक मारतो, मग माणूस. आपल्या पेशींत म्हणे एक एन्झाइम असतं. श्वासातला ऑक्सिजन वापरून ते अन्नातली शक्ती मोकळी करतं, त्यावर आपण जगतो. हा वायू त्या एन्झाइमलाच धरून बसतो. "छातीत हवा गेली तरी पेशींना ती वापरता येत नाही," बाई म्हणाल्या. मला आपली चूल आठवली. लाकूड सुकं, वारा आहे, आणि पेटायचं नाव नाही. सकाळी पोटभर पेज जेवून गेला होतात. काय कामाची ती पेज?

मालक काय म्हणाला, ठाऊक आहे? "पिऊन उतरला असंल." आयुष्यात थेंब न घेतलेले तुम्ही! खण धुऊन लाँच पुन्हा दर्यात गेली.

पण मालकाला काय बोलू? परवा विलासला सगळं समजावलं, एन्झाइमसकट. तर म्हणतो, "वयनी, दादा बोलायचा, वासाला भितो तो दर्याचा नाय." तुमचंच वाक्य! मागे ठेवून जायला दुसरं काही मिळालं नाही तुम्हाला? त्याची बायको पोटुशी आहे हो.

हंगामाच्या पूजेआधी बाईमाणसाने लाँचवर पाय ठेवू नये, विधवेने तर नाहीच, असं आपल्या बंदरात मानतात ना? उद्या उजाडताच मी खणाच्या झाकणावर जाऊन बसणार. झाकण उघडून, पंखा लावून आधी हवा खेळवायचं मालक कबूल करेपर्यंत उठायची नाही. मला हात धरून उठवायला कोणी धजणार नाही. अपशकुन झाला म्हणतील. म्हणू देत.

विलासला मी तसा खाली उतरू देणार नाही, हा माझा शब्द. तुम्हाला राग आला तर येऊ दे. या घरातलं कोणी पुन्हा तुमच्यासारखं शूरपणाने मरणार नाही.

अजूनही तुमच्यावर रागावलेली,
सुलभा