आमदारांचा बेलभंडार

कासार आंबोली, ता. मुळशी
६ ऑक्टोबर १९६३

ती. स्व. दादास,
रत्नाचे शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनींचा खोकला गेला का, ते तू लिहिलं नाहीस. मुंबईत वकिलाच्या कचेरीत बसून तुझं अक्षरही वकिली झालंय, अर्ध्या ओळी मी अंदाजाने वाचते.

इकडची बातमी तू पेपरात वाचली असशील. आमचे थोरले दीर, म्हणजे आमदार हैबतराव, यांना पुण्याच्या सेशन्स कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा दिली. डोंगरवाडीच्या कोंडीबाच्या म्हशी यांच्या कुरणात शिरल्या म्हणून त्यांनी काठीने त्याचा उजवा हात कोपरापाशी मोडला होता, तोच खटला. मला वाटलं, चला, आमदारकी तरी गेली. तर चौथ्या दिवशी जामिनावर स्वारी गावात हजर. पौड रस्त्यापासून चावडीपर्यंत हलगी, आणि गळ्यात एवढे हार की नाक तेवढं दिसत होतं. तुरुंगाचं दार पाहिल्याशिवाय पुढारी पक्का होत नाही, असं भाषण ठोकलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. मार खाणाऱ्याचा हात अजून झोळीत आहे आणि मारणाऱ्याच्या हातात फुलांचा गुच्छ.

शिक्षा झालेला माणूस आमदार राहतो कसा, एवढं मला सांग. आमचे हे साधे ग्रामपंचायतीचे सदस्य, वॉर्ड नंबर तीनचे, तरी उभे राहताना यांच्याकडून किती दाखले मागितले होते.

आणखी एक, ते तुझ्यापाशीच ठेव. त्या दिवशी थोरले भाऊ माझ्याबरोबर घोटावड्याला होते, अशी साक्ष यांनी कोर्टात शपथेवर दिली. खरं तर हे कुरणातच होते आणि काठी पडताना पाहत होते. कोर्टाने ती साक्ष मानली नाही, पण तेव्हापासून हे अर्ध्या भाकरीवरून उठतात. मीही यांच्याशी धड बोलत नाही.

लोभ आहेच, तो वाढव असं म्हणत नाही, पण कमी करू नकोस.
तुझी,
रत्ना


गिरगाव, मुंबई
१३ ऑक्टोबर १९६३

चि. सौ. रत्नास,
कुशाबाचे अनेक आशीर्वाद.

खोकला गेला, खोकणारी ठणठणीत आहे. अक्षराबद्दल म्हणशील तर ते वाचता आलं असतं तर साहेबांनी मला कधीच काढून टाकलं असतं.

आता कायदा ऐक. दोन वर्षांची शिक्षा झाली की माणूस आमदारकीला नालायक. एक दिवस कमी असती तर लायक. पण जो आधीच निवडून बसलाय त्याला तीन महिन्यांची सवड आहे, आणि तेवढ्यात त्याने अपील केलं तर निकाल लागेपर्यंत खुर्ची त्याचीच. म्हणजे उद्या उभं राहायला नालायक, आज बसायला लायक. हे कलम कोणी केलं असं विचारू नकोस, बसलेल्यांनीच केलं. हायकोर्टात अपिलाचा नंबर लागायला दोन वर्षं सहज जातील.

तरी अपिलाचा भरवसा कुणाला नसतो. सुटायची पक्की वाट एकच आहे. ज्याला मार बसला त्याने तडजोडीच्या अर्जावर अंगठा दिला आणि कोर्टाने परवानगी दिली, की आरोपी निर्दोष. तेव्हा तुमचे आमदार लवकरच कोंडीबाच्या झोपडीकडे चालू लागतील बघ.

जयसिंगरावांना मात्र सांग, तोंड बंद ठेवा. खोटी साक्ष हा वेगळा गुन्हा आहे. त्याबद्दल अजून कोणी त्यांना विचारलेलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर देऊ नये.

मुलांना पापे. मायेत खंड नसावा.
कुशाबा


कासार आंबोली
१० डिसेंबर १९६३

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू ज्योतिष सांगायला लाग. भाऊजी चार वेळा डोंगरवाडीला जाऊन आले. जीप अर्ध्यावर अडकते, पुढे चालावं लागतं, त्यामुळे आमदारांच्या पायाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मतदारसंघाची माती लागली.

कोंडीबाने काहीच मागितलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच की, कोर्टात कोण काय बोललं ते मला न्हाई कळत. भैरोबाम्होरं बेलभंडार उचला आन म्हणा, काठी मारली न्हाई. मग हा घ्या अंगठा. तुला ठाऊकच आहे, देवापुढचा बेल आणि भंडारा ओंजळीत घेऊन बोललेला शब्द इथे शेवटचा. बांधाची भांडणंसुद्धा त्यावर मिटतात. खोटं बोलून तो कोणी उचलील हे कोंडीबाच्या मनातही येत नाही.

सेशन्स जज्जासमोर छाती काढून उभा राहिलेला माणूस हे ऐकून घामाघूम झाला. दोन दिवस विचार केला आणि तोड काढली. भैरोबाच्या पूजेची पाळी आमच्या घराण्यात वर्षाआड फिरते, ती यंदा यांच्याकडे आहे. तेव्हा ज्याची पाळी त्याचा हात तो साऱ्या घराचा हात, बेलभंडार जयसिंगच उचलील, असं भाऊजींनी ठरवलं. शिक्षा टळली तर भाऊजींची आणि देव कोपला तर आमच्यावर, असा हिशेब. कोंडीबाही भाबडा, कबूल झाला. २२ तारखेचा रविवार ठरलाय.

हे नाही म्हणाले नाहीत. आजवर थोरल्या भावाला हे कधी नाही म्हणालेत? गोठ्यात जाऊन बसतात, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहतात. दादा, मला भीती देवाची नाही, यांची वाटते. यानंतर हा माणूस माझ्याकडे जन्मात सरळ बघायचा नाही. काय करू ते लवकर कळव.

तुझी माया आहे म्हणून एवढं लिहिलं.
रत्ना


गिरगाव, मुंबई
१५ डिसेंबर १९६३

चि. सौ. रत्नास, आशीर्वाद.

घाईत लिहितो. बेल हा पाला आहे आणि भंडारा ही हळद. उचलू देत. साऱ्या गावासमोर खरं बोलले तर कोर्टात खोटं बोलल्याची ती कबुलीच होईल, आणि थोरला भाऊ त्यांना सोडायचा नाही. घर एक, शेत एक, तुझी दोन पोरं. शहाणपण असेल तर त्या दिवशी तू देवळात जाऊच नकोस.

तुला माझा राग येईल. येऊ दे, पण पत्र पाठवत जा.
कुशाबा


कासार आंबोली
२८ डिसेंबर १९६३

ती. स्व. दादास, न. वि. वि.

तुझं शहाणपण पोचलं. मी देवळात गेले.

सारा गाव होता. भाऊजी खांबाला टेकून, देवाला आपण दिसू नये असे, गुरवाच्या मागे उभे. खिशात तडजोडीचा कागद, हातात शाईची डबी. यांनी अंघोळ करून ओल्या धोतराने बेलभंडार उचलला. गुरवाने शब्द सांगितले, काठी आमच्या घरानं मारली न्हाई म्हणा. गुरवाने पुन्हा सांगितलं. मग यांनी वर पाहिलं, देवाकडे नाही रे, बायकांत उभी होते मी, माझ्याकडे. आणि म्हणाले की काठी दादानं मारली, मी तितंच हुतो, कोर्टात मी खोटं बोललो. तेवढं बोलून भंडारा कोंडीबाच्या कपाळाला लावला आणि त्याच्या मोडक्या हातावर डोकं टेकवलं.

कोंडीबा रडायला लागला. भाऊजी म्हणाले की पोराला चक्कर आलीय, त्याचं डोकं फिरलंय. पण शाईची डबी घाईने खिशात घालताना उलटली आणि पांढऱ्या शुभ्र सदऱ्यावर हा एवढा डाग. तसेच जीपमध्ये बसले.

संध्याकाळी आम्हाला घरातून वेगळं काढलं. अंगण एकच आहे, चूल निराळी. आणि हे तेवढ्यावर थांबले नाहीत. परवा पायी पिरंगुटपर्यंत आणि पुढे एस.टी.ने पुण्याला गेले, कोर्टात लेखी देऊन आले. मी अडवलं नाही. येताना मला बांगड्या आणल्या. आम्ही दोघं आता धड बोलतो.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.
रत्ना


गिरगाव, मुंबई
१९ एप्रिल १९६४

चि. सौ. रत्नास, अनेक आशीर्वाद.

काल येरवड्यास जाऊन जयसिंगरावांना भेटलो. प्रकृती बरी आहे. तुरुंगातल्या भाकरीला नावं ठेवत नाहीत, तुझ्या भाकरीपेक्षा पातळ असते म्हणाले.

खोट्या साक्षीला सहा महिन्यांची शिक्षा जास्तच झाली. पण स्वतःच कबूल केल्यावर वाद घालायला राहिलं काय, अपीलही करायचं नाही म्हणतात. तुझ्या घरी आलेला कागद खरा आहे. सहा महिन्यांची शिक्षा झाली की पंचायतीचा सदस्य नालायक, आणि त्याला सवडबिवड काही नाही. शिक्षा झाल्यापासून अठराव्या दिवशी वॉर्ड नंबर तीनची जागा रिकामी झाल्याचा हुकूम निघाला. सरकार इतक्या चपळाईने काम करतं हे मी वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पाहिलं. हात मोडणारा विधानसभेत कायदे करतोय, खरं बोलणाऱ्याला पंचायतीच्या सतरंजीवरूनही उठवलं. अपिलाची तारीख विचारलीस तर अजून लागलेली नाही.

मी तुला चुकीचा सल्ला दिला. नात्याने मोठा असलो तरी काल गजाआडून त्यांच्या पायाला हात पोचत नव्हता, नाहीतर लावला असता.

तुझ्या रागाला पात्र,
कुशाबा


कासार आंबोली
१२ जुलै १९६४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राग कधीच गेला. आवणीची घाई आहे, कोंडीबा आणि त्याची सून येऊन लावणी करून देतात. तो डाव्या हाताने रोपं लावतो.

यांच्या जागेची पोटनिवडणूक लागली. भाऊजींनी आपल्या जीपच्या ड्रायव्हरला उभं करायचं ठरवलं. पंचायतीत स्वच्छ चारित्र्याची माणसं हवीत, असं चावडीवर सांगितलं. गाव ऐकून घेतो, हल्ली टाळ्या वाजवत नाही. अर्जावर सूचक म्हणून वॉर्डातल्याच एका मतदाराची सही नाहीतर अंगठा लागतो. एकच अंगठा, आणि भाऊजींचं स्वतःचं नाव पुण्याच्या मतदारयादीत.

रंभाबाई म्हणाली की माझा चष्मा फुटलाय. अंगठ्याला चष्मा कशाला, असं विचारायचं भाऊजींना सुचलं नाही. तुळजाबाई म्हणाली की मालक सूस गावाला गेलेत, त्यांना विचारते. मालक मागच्या दाराने शेतात जाताना मी स्वतः पाहिले. सगळा वॉर्ड असाच. कुणी नाही म्हणालं नाही आणि कुणी अंगठाही दिला नाही. शेवटच्या दिवशी तीन वाजता मुदत संपायची, म्हणून दीड वाजता आमदारसाहेब कागद घेऊन आपल्याच अंगणात आले.

आमच्या थोरल्या जाऊबाई, गोजराबाई, अंगण सारवत होत्या. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला उलट उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नाही. भाऊजींनी डबी उघडून पुढे धरली. जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या की माझं हात शेणात हायेत. धू म्हणाले. तर म्हणाल्या, अंगण उरलंय. पावसाची उघडीप होती, पण अंगण सकाळीच सारवून झालेलं होतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्यांनी ते पुन्हा सारवलं. तुळशीपासून दारापर्यंत, मग आमच्या चुलीच्या बाजूचंही. आमदार डबी धरून उभे, ओल्या सारवणावर पाय ठेवता येईना.

तीन वाजून गेल्यावर जाऊबाईंनी हात धुतले आणि मला हाक मारून म्हणाल्या, रत्ने, चहा टाक, तुज्याच चुलीवर.

वहिनींना नमस्कार, तुझी माया आहे तशी असू दे.
रत्ना