फुलीतला दिलीप

लिंबायत, सुरत
मंगळवार, मार्च १९९६

आज पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावला. रस्त्याच्या मोजणीची दुर्बीण, जिच्यासमोर मी रोज उन्हात आकड्यांची पट्टी धरून उभा असतो ती. दिलीप माझा मावसभाऊ. त्याला गावाहून इथं आणला मी, कामाला लावला मी, आणि साहेबांनी दुर्बीण दिली त्याला!

दुपारी तोच म्हणाला, "दादा, आज तू बघ, मी पट्टी धरतो." वर उपकार.

आत दोन बारीक रेघांची फुली असते. साहेब तिला क्रॉसहेअर म्हणतात. त्यात माणूस उलटा दिसतो. दिलीप डोकं खाली, पाय वर, फुलीच्या बरोब्बर मधोमध. काय बरं वाटलं! तसा वर्षभर मी त्याला दुर्बिणीशिवायच फुलीत धरलाय. साहेब त्याला नावानं हाक मारतात तेव्हा, आपल्यातला चहा देतात तेव्हा.

आकडा लगेच वाचला. पण हात वर केला नाही. हात वर झाल्याशिवाय पट्टी हलवायची नाही, हे त्याला मीच शिकवलंय. उभा राहिला बिचारा. बिचारा कसला? राहू दे की उभा! किती वेळ लावतोस म्हणून साहेब गुजरातीत ओरडले, "केटली वार?" तेव्हा कुठे हात वर केला.

संध्याकाळी खांदा चोळत म्हणतो, "दादा, तू रोज हे सोसतोस? साहेबांना सांगून आलोय, उद्यापासून आपण आळीपाळीनं."

म्हणजे चांगुलपणातही तोच पुढे. फुलीत मी त्याला धरलं होतं, आणि नेम लागला त्याचा.