खेळांचे दुकान, टेबलासकट

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पटावरच्या खेळांचे दुकान, हे मृत्युपत्र स्वखुशीने, चहा पिऊन, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्यासमोर एका डावाला बसावे आणि हरून जावे. मरणाची मला मुळीच घाई नाही. पण मांडीचे हाड मोडल्यापासून माझी मुले माझ्याकडे जपून बघतात, आणि दुकानाचे काय करायचे ते त्यांनी ठरवूनही टाकले आहे. तेव्हा माझ्या मनातले कागदावर आलेले बरे.

कलम पहिले. राहते घर मुलाला आणि मुलीला निम्मे निम्मे. भांडू नये. भांडायचेच असेल तर फासे टाकून निकाल लावावा, मात्र मुलाने टाकलेले फासे मुलीने तपासून घ्यावेत. त्याचा हात लहानपणापासून चलाख आहे.

कलम दुसरे. मुलीला माझ्या बांगड्या, शिवाय कपाटावरचा सीलबंद डबा. माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला तिने तो कुरियरने पाठवला आणि फोनवर म्हणाली, "आई, ऑनलाइन इतका स्वस्त मिळाला म्हणून सांगू!" त्याच खेळाचे सहा डबे तेव्हा माझ्या दुकानात धूळ खात पडले होते. मी "छान आहे हो" म्हणाले आणि फोन ठेवून अर्धा तास एकटीच हसत बसले. राग नाही. पण डबा तिने घरी एकटीने उघडू नये. दुकानात येऊन चौघांत उघडावा.

कलम तिसरे. माझ्या नणंदेला वाळूचे घड्याळ. एक सोंगटी हलवायला त्या इतका वेळ घेतात की समोरच्याचे केस पिकावेत. माझे पिकले ते तसेच. वन्संनी वाईट वाटून घेऊ नये.

कलम चौथे, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. माझ्या स्वकष्टार्जित मालकीचा गाळा, त्यातले सगळे खेळ, मधले आठ जणांचे टेबल आणि सुट्या सोंगट्यांचा पत्र्याचा डबा.

चिरंजीवांचे म्हणणे असे, "आई, तुझ्यानंतर टेबल काढून टाकू, माल गोदामात ठेवू आणि घरबसल्या ऑनलाइन विकू. हल्ली दुकानात येतं कोण?" अरे बाळा, एकदा शनिवारी ये, आणि उभे राहायला जागा मिळाली तर मला सांग. येतात पुष्कळ, घेतात थोडे, हे मात्र खरे. आणि न घेणाऱ्यांचा मुकुटमणी म्हणजे समोरच्या फुटपाथवरचा चष्मेवाला.

हा गृहस्थ अकरा वर्षे दर शनिवारी येतो. "मावशी, हा कसा खेळतात?" मी बापडी पट मांडते, नियम सांगते, घसा कोरडा करते. तो मान डोलावतो, डब्याचा फोटो काढतो आणि चालू लागतो. चार दिवसांनी, शनिवारची वाट न बघता, पुन्हा हजर. "मावशी, वादळाचा पत्ता आला की जहाज बुडतं का नुसतं थांबतं?"

"तुझ्याकडे कुठून आला रे तो खेळ?"

"भेट मिळाला."

इतक्या भेटी तर नवरदेवालाही मिळत नाहीत! दुकान माझे, घसा माझा आणि खरेदी परस्पर. मी त्याला तोंडावर फुकट्या म्हटलेले आहे, ते येथे कायम करते.

गेल्या वर्षी मी दवाखान्यात होते आणि मुलाने शटर ओढून घेतले होते. सहा आठवड्यांनी वॉकर ठकठकवीत परत आले, तर शटर वर आणि आत ही गर्दी! दुसरी किल्ली शेजारच्या शिंप्याकडे असते. चष्मेवाल्याने ती पहिल्याच शनिवारी मागून नेली होती. तो उभा राहून नियम सांगत होता, माझ्याच शब्दांत, माझ्या खाकरण्यासकट. "रडीचा डाव खेळायचा असेल तर घरी जाऊन भिंतीशी खेळा," हेसुद्धा. एका बाईंनी डब्याचा फोटो काढला, तसा हा गरजला, "ऑनलाइन घ्या की, खुशाल घ्या! पण वादळ आलं की विचाराल कुणाला? फोनला?"

मी दारात इतकी हसले की वॉकर हातातून सुटला. तो कानापर्यंत लाल झाला. मग टेबलाखालून एक डबा काढून म्हणाला, "हा मी घेतलाय. पूर्ण किमतीला."

"हा तर तुझ्या घरी आहे ना रे?"

"आहे."

मला भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

अकरा वर्षे फुकट ऐकून माझ्या दुकानातला एकूण एक नियम ज्याला पाठ झाला, असा इसम या पृथ्वीतलावर एकच आहे. सबब या चौथ्या कलमात लिहिलेले सर्व काही, टेबलासकट, चष्मेवाल्याला. अट एवढीच की "हा कसा खेळतात" असे कोणीही विचारले तर पहिल्यापासून सांगायचे, विचारणाऱ्याच्या हातात फोन असला तरी. तो फोटो काढील तेव्हा चेहरा हसरा ठेवायचा. मी अकरा वर्षे ठेवला, आता चष्मेवाल्याची पाळी. ऑनलाइन घेतलेल्या डब्यात सोंगटी कमी निघाली म्हणून कोणी आले, तर पत्र्याच्या डब्यातली द्यावी आणि एक टोमणा मारावा. दोन नकोत, गिऱ्हाईक तुटते.

आता सह्या. चष्मेवाला सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून दुकानात बसला होता. मी साक्षीला शिंप्याला आणि हाडांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले, तसे त्याचे तोंड एवढेसे झाले. "मावशी, मी एका सहीच्याही लायकीचा नाही का?" वकीलसाहेबांनी बजावले आहे की ज्याला मिळायचे त्याची साक्ष घ्यायची नाही. ते त्याला आत्ताच कसे सांगू? मी म्हटले, "नाहीस." तेव्हापासून तो बाहेर पायरीवर फुगून बसला आहे. एकदा आत डोकावून, पंखा माझ्याकडे वळवून, पुन्हा जाऊन फुगला. फुगू दे. हे वाचून दाखवतील तेव्हा कळेल लेकाला.

सही: लिहून ठेवणार, दुकानवाली मावशी

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. सही करताना पाहिले. मजकूर वाचू दिला नाही.

साक्षीदार २: हाडांच्या डॉक्टर. सही करताना पाहिले. लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीवर असून हसत होत्या.

स्थळ: दुकानातले टेबल
दिनांक: १४ जून २०२५, शनिवार