माझा बिनचूक रिसीव्हर

३ फेब्रुवारी
एम.टेक.चा प्रोजेक्ट आजपासून मनावर घेतला. विषय सॉफ्टवेअर रेडिओ. सोल्डरिंग नाही, वायरी नाही, सगळं लॅपटॉपवर. शून्य आणि एक यांच्या लहरी करायच्या, वाटेत, म्हणजे चॅनेलमध्ये, त्यांच्यावर नॉईज टाकायचा, आणि पलीकडच्या रिसीव्हरनं किती बिट चुकीचे वाचले ते मोजायचं. नॉईज वाढवत आलेख काढायचा. किरकोळ काम. रविवारी उरकणार.

९ फेब्रुवारी
रविवार. पेडगावला शेतावर गेलो होतो. हरभऱ्याच्या रानात रेडिओचं चिंतन केलं. झोपही लागली.

१४ फेब्रुवारी, दुपार
सिम्युलेशन चालू केलं. चॅनेलचा ब्लॉक लावला की लॅपटॉप तापतो, पंखा घरघरतो. ज्ञानेश्वरीनं स्वयंपाकघरातून विचारलं, घरात पिठाची गिरणी काढायलाव का? चॅनेल तात्पुरता बायपास केला. बाकीचं जमलं की परत लावू.

१५ फेब्रुवारी
चमत्कार! एकही बिट चुकला नाही. नॉईजचं बटण वाढवलं. चूक शून्य. शेवटपर्यंत ओढलं. शून्य! पुस्तकात लिहिलंय, नॉईज असला की थोड्या तरी चुका होणारच. पुस्तक जुनं आहे.

१७ फेब्रुवारी
वर्गमित्र धम्मानंदला दाखवलं. त्याचा आलेख पुस्तकातल्यासारखाच, बिचारा. म्हणाला, भारत, एकदा सगळे ब्लॉक तपासून बघ की. जवळच्या माणसांना आपलं यश सोसत नाही.

१९ फेब्रुवारी
गाईड मनिषा मॅडमना फोन केला. कोणत्या नॉईजला शून्य, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सगळ्याच. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. भारावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, लॅपटॉप घेऊन दाखवायला या. गेलो नाही. शोध आधी फुटला तर?

२१ फेब्रुवारी
ज्ञानेश्वरीनं माहेरी सांगून टाकलं. सेलूहून सासरे माणिकराव यांचा फोन. जावईबापू, आता आमच्या माडीवर रेंज येईल का? मी म्हणालो, मामा, रेंज लय बारीक गोष्ट हाय. ते इतके खूश झाले की दोन मार्चला सत्कार जाहीर केला. मंडप, पाहुणे, शाल. मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो.

२४ फेब्रुवारी
रिपोर्टमधलं सिद्धांताचं प्रकरण उडवलं. त्या जागी ‘जुन्या सिद्धांताच्या मर्यादा’. चॅनेल परत लावायचा राहिलाय, पण चालू गाडीला हात कशाला लावा?

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
व्हायवा झाली. बाहेरून आलेले परीक्षक सर स्वभावाने शांत. सगळं ऐकून घेतलं, मग पडद्यावर बोट ठेवून विचारलं, हा ब्लॉक करडा का दिसतोय? मी म्हणालो, बायपास आहे सर, पंख्यामुळे. ते म्हणाले, मग नॉईज कुठून येतोय? येत नव्हता. म्हणजे मी एका हातातला कागद दुसऱ्या हातात घेऊन वाचत होतो.
मॅडमनी चॅनेल चालू करायला लावला. निम्मे बिट चुकले. सर म्हणाले, नाणं उडवलं तरी एवढंच बरोबर येतं. धम्मानंद हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
प्रोजेक्ट पुढच्या सत्रात पुन्हा.

१ मार्च
घरी सांगितलं, निकाल राखून ठेवलाय. ताटात दुसरी भाकरी तशीच राहिली, ती ज्ञानेश्वरी उचलून घेऊन गेली. मग बाहेर जाऊन वडिलांशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. आत आल्यावर म्हणाली, बाबांना सांगितलंय, आता तुमी काय बी बोलू नका. मी बरं म्हणालो.

२ मार्च
मंडप घातला होता, पाहुणे आले होते, त्यामुळे सत्कार झालाच. मेव्हण्याचा. सोनू पूर्ण्याला रेल्वेत लागलाय, ही बातमी घरात कधीची होती म्हणे, पण माझ्या शोधापुढं तिला कोणी विचारत नव्हतं. शाल त्याच्याच अंगावर छान बसली. मला प्रमुख पाहुण्यांच्या चपलांजवळची खुर्ची मिळाली. फोटोच्या वेळी माणिकरावांनी हाक मारली, म्हणाले, जावईबापू, जरा हा नारळ धरा.
धरला. सोनूनं विचारलं, दाजी, तुमचं काय झालं? ज्ञानेश्वरी माझ्याआधीच म्हणाली, त्यांचं चालू हाय.