फुलीच्या जागी सही

६ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू फोन छोटीच्या हातात देतेस, म्हणून लिहिते आहे. पत्र तरी तुझं तुलाच वाचावं लागेल.

मावशीकडून कळलं की तू बँकेच्या खात्यावर छोटीचं नाव घातलंस. तुझ्यामागे पैसे आपोआप तिचे, मृत्युपत्राचीसुद्धा गरज नाही म्हणे. शिवाय तू अंथरुणाला खिळलीस तर व्यवहार तिनेच बघायचे, असं मुखत्यारपत्रही झालं. थोरली मी, आणि मला हे मावशीने भाजी निवडता निवडता सांगावं. वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण खरं तर माझा जळफळाट झाला. शिवणाच्या दुकानात तुझ्या शेजारी मी बसायचे. काजं करून करून माझी बोटं सोलली, तेव्हा छोटी चिंध्यांच्या बाहुल्या करत होती.

कारण मला माहीत आहे. बाबांच्या वेळी, आता पुरे, नळ्या काढा, असं डॉक्टरांना मी सांगितलं. त्यावर तू आजवर एक शब्द बोलली नाहीस. तुझा भरवसा तेव्हाच उडाला.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ उरला असेल तेवढा तरी असू दे.

तुझी,
थोरली

---

१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने वाचलं आणि उशीखाली ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, थोरलीचं आहे, तुझं त्यात काय काम. खात्यावरून तुझा जळफळाट झाल्याचं मावशीकडून कळलं, पण जळण्याचा मक्ता तुझ्या एकटीकडे आहे असं समजू नकोस.

आईचा हात थरथरतो, सही जुळत नाही, चेक परत येतात, म्हणून खात्यावर माझं नाव आलं. तू जवळ राहत असतीस तर तुझं आलं असतं. मागच्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून ती दुकानाचं कुलूप पाहायला गेली. दुकान कधीच विकलंय हे तिच्या ध्यानातच नव्हतं. आठवलं तेव्हा फार घाबरली, आणि दुसऱ्याच दिवशी वकीलबाईंकडे चल म्हणाली.

सोबत तिने दिलेला कागद आहे. फुली आहे तिथे सही कर. कसला ते तुला सांगायचं नाही, अशी तिची ताकीद आहे. मलाही सांगावंसं वाटत नाही, त्यावरून आमचं भांडण झालंय.

माया असू दे, रागाबरोबर आली तरी चालेल.

तुझी,
छोटी

---

२२ जानेवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

कागद सही न करता परत पाठवते आहे. आईची खोड मला ठाऊक आहे. कापडावर खडूने फुली मारायची, काय करायचं ते न सांगता पुढे सरकवायचं, आणि मी मुकाट टाका घालायचा. आता मुकाट सही करून घरावरचा हक्क मी सोडणार नाही. पहिल्या दोन ओळींत तिचं नाव, माझं नाव आणि 'स्वखुशीने' एवढं दिसलं. पुढचं वाचायची गरज वाटली नाही.

तू मनाची वाईट नाहीस, पण रडून हवं ते मिळवायची तुला लहानपणापासून सवय. मला ते कधी जमलं नाही.

आशीर्वाद मात्र मनापासून दिलेत, एवढं धरून चाल.

ताई

---

२ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. कागद परत आला. फुलीची खोड माझी आणि न वाचता तडकायची तुझी, म्हणजे चूक दोघींची.

घराचा त्याच्याशी काही संबंध नाही. घर तुम्हा दोघींच्या नावे करून झालंय. पैसे छोटीच्या हाती दिले, कारण बँकेत आणि औषधवाल्याकडे तीच जाते. हा कागद माझ्याबद्दल आहे. मला बोलता येईनासं झालं, माणसं ओळखू येईनाशी झाली, तर माझ्यावर काय उपचार करायचे आणि कधी थांबायचं ते तू सांगायचंस, असं त्यात लिहिलंय. तुझी सही म्हणजे तू ते कबूल केलंस.

बाबांच्या वेळी मी दाराशीच उभी होते. तेच वाक्य माझ्याही तोंडात होतं, पण बाहेर निघत नव्हतं. तू बोललीस आणि मी सुटले. माझं काम लेकीला करावं लागलं याची लाज वाटायची, म्हणून कधी विषय काढला नाही. छोटीने तेव्हा डॉक्टरांचे पाय धरले होते. ती मला जाऊ देणार नाही. या कागदावर तिचं नाव का नाही, म्हणून आठवडाभर फुगून बसली होती. म्हणते, पैसे मला आणि आई ताईला.

कागद नव्याने करून पाठवते. या वेळी फुली मारलेली नाही. वाच, आणि पटलं तरच सही कर.

माया आहे, ती मोजायला बसू नकोस.

आई

---

१० फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सही केली आहे. कागद सोबत आहे.

छोटीचं ते वाक्य वाचून आधी मला फार बरं वाटलं. ती माझ्यावर जळते हे कळल्यावर दिवसभर मी खुशीत होते, ऑफिसात उगाच सगळ्यांशी गोड बोलले. संध्याकाळी सही करायला पेन उचललं आणि सगळी खुशी उतरली. तो दिवस येईल तेव्हा छोटीला तुझ्या पायांना मिठी मारून रडता येईल. मला मात्र डॉक्टरांकडे बघून बोलावं लागेल. आई, मला आत्तापासूनच तिचा हेवा वाटतोय.

लोभ आहे हे कळलं. आता आणखी मागत नाही.

तुझी,
थोरली