आतल्या खोलीपर्यंतची वायर

१ फेब्रु. ९८, रविवार
आज परत चमचा. मी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकेचं टाइपिंग करत होते (उद्या सकाळी द्यायचंय), आतून स्टीलच्या वाटीवर चमचा. उठून गेले. तोवर ह्यांनी पाटीवर लिहून ठेवलेलं, ‘जाऊ दे.’ काय जाऊ दे? मी म्हटलं, मग वाजवलं कशाला? बोलायला नको होतं. गळ्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. आवाज कायमचा गेला तो त्यांचा, आणि चिडते मी. त्यांनी पाटी बाहीने पुसली आणि कपाटामागे सारली.

५ फेब्रु.
चार दिवस पाटी तिथेच. मी काढून दिली, घेतली नाही. मान हलवतात, हो किंवा नाही. चोवीस वर्षं वागळे इस्टेटच्या कंपनीत मेंटेनन्सला होते, मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय. घरीसुद्धा मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावर कळायचं. किती वैतागायचे मी.

८ फेब्रु. रवि.
भाऊजी ठाण्याहून आले. त्यांच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक रिक्षात घालून आणला. “वहिनी, तुमचा आणि हा वायरने जोडू. दादा आत टाइप करेल, तुमच्या पडद्यावर दिसेल.” हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला वाटलं झोपलेत. पाच मिनिटांनी उठले, ड्रॉवरमधून टेप काढला आणि भिंत मोजायला लागले.

१० फेब्रु.
धूळ चालत नाही, गळ्याच्या भोकातून सरळ आत जाते. म्हणून ड्रिल मी धरलं. ह्यांनी दोरीला नीळ लावून भिंतीवर ताणली, टिचकी मारली, सरळ रेघ. माझा हात वाकडा झाला की कोपरावर टपली. तीन तास. हात भरून आलेत. छान वाटलं, खोटं कशाला लिहू.

१५ फेब्रु. रवि.
सगळं लावलं, चालेना. भाऊजी आले, वायरवरची प्लॅस्टिकची पट्टी उघडली आणि हसले. केबल हातभर कमी पडली म्हणून ह्यांनी तुकडा जोडलेला, पीळ देऊन, वर काळी टेप. “दादा, ही लाइटची वायर नाही रे. हिला असा जॉइंट चालत नाही.” ह्यांचा चेहरा एवढासा झाला. भाऊजींच्या लक्षात आलं, मग ते उगाच टोपणांबद्दल बोलत बसले. वायरच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढं एकेक टोपण लागतं, त्यातलं एक काढलं तरी दोन्हीकडचं बंद.

२२ फेब्रु.
नवी अखंड केबल. चाललं! कॉम्प्युटरला नाव द्यावं लागतं. माझं ‘ऑफिस’, ह्यांनी स्वतःचं ठेवलं ‘मेंटेनन्स’. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायचं. पहिला निरोप: ‘मेंटेनन्सकडून. चहा टाक. साखर घालताना हात आखडू नको.’ हसले आणि मग ओट्यापाशी उभी राहून रडले.

३ मार्च
दिवसभर गप्पा. दुपारी लाइट गेली तर आधीचे सगळे निरोप पुसले गेले. म्हणून आता इथे उतरवते, मराठीत. ‘समोरच्या काकू फोनवर खोटं बोलतात, मी रोज ऐकतो.’ ‘भाजीत मीठ कमी. सांगितलं नाही म्हणू नको.’ ‘तू काम करताना गुणगुणायचीस. बंद का केलंस?’ आवाज गेलेले ते आत ऐकणार आणि आपण गायचं, हे बरं वाटायचं नाही मला.

१७ मार्च
परत गाठ. डॉ. म्हणाले, सोमवारी तीस तारखेला भरती करा, दुसरं ऑपरेशन करून बघू. करून बघू! मला बाहेर बोलावून म्हणाले, खात्री नाही, तुम्ही ठरवा. हे काचेतून बघत होते.

२० मार्च, शुक्र.
स. ११. पडद्यावर: ‘शैला, मला दुसरं ऑपरेशन नको. घरी राहायचंय. पण तू हो म्हणालीस तरच. एका शब्दात सांग.’
दोनदा वाचलं. टेबलाखाली वाकले, माझ्याकडचं टोपण फिरवून काढलं आणि मोहरीच्या डब्यात टाकलं. आत जाऊन म्हटलं, “बंद पडलंय वाटतं. काही आलंच नाही.” तोंडावर.
ते माझ्याकडे बघत राहिले. निरोप पोचला की त्यांच्या पडद्यावर तसं येतं, हे मला संध्याकाळी आठवलं.

२१ मार्च
ह्यांनी सकाळपासून पट्टी उघडायला घेतली. गुडघ्यावर बसून, इंच इंच. मध्येच दम लागतो, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येतो. मी मेथी निवडत होते. माझ्यासारखी दुष्ट बाई नसेल.

२२ मार्च
अजून शोधतायत.

२३ मार्च
भाऊजींचा फोन. मी विचारलं, टोपण निघालं तर कसं कळतं हो? “मीटर लावला की दोन मिनिटांत. आकडाच वेगळा येतो. दादाला शिकवलंय की मी.”
मीटर शनिवारपासून त्यांच्या खिशात आहे.
म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. तरी दोन दिवस गुडघ्यावर बसून ते फॉल्ट शोधत राहिले. मला वेळ देत होते. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

२४ मार्च
टोपण परत लावलं. ते दारात उभे राहून बघत होते. अर्ध्या तासाने निरोप: ‘चहा.’ एवढंच.

२७ मार्च, शुक्र.
टोपण लावल्यापासून तो प्रश्न त्यांनी परत लिहिलेला नाही. आज मीच लिहिलं. भलंमोठं. की आवाज नसला तरी चालेल, नळी घालून जेवावं लागलं तरी चालेल, मी सगळं करीन, तुम्ही फक्त आत असा. की हा माझा स्वार्थ आहे, मला कळतं. पाठवून दिलं.
उत्तर आलं: ‘मी एक शब्द मागितला होता.’ मग थोड्या वेळाने: ‘घाई नाही. रविवारपर्यंत सांग.’
त्यांना काय ऐकायचंय ते मला ठाऊक आहे. बरोबरही तेच आहे, हे आज दुपारी त्यांचे कपडे वाळत घालताना मला कळलं. सदरे किती हलके लागतात हाताला. दोन इंग्रजी अक्षरं टाइप करायची. तीनदा केली, तीनदा पुसली. आता परत बसते.