ठोठावून यावे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, कारण जमिनीवर आडवं व्हायला सध्या तेवढी मोकळी जागा नाही). तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीला म्हणावं, गुडघ्यांना शेक देत जा आणि त्यांच्या मालकाच्या कुरकुरीकडे लक्ष देऊ नको. आम्ही सगळे खुशाल आहोत. मुलांना सुट्टी लागली आहे, तरीही खुशाल आहोत, हे मुद्दाम लिहिते, कारण 'कसं गं निभावणार' म्हणून तू फोनवर उसासे टाकत होतास. यांच्या कारखान्यात काम निम्म्यावर आलंय हे खरं, यंदा कुठे बाहेर जाणं जमायचं नाही हेही खरं. पण तुझी बहीण काही लेचीपेची नाही. समोरच्या बाईंनी आपल्या एकुलत्या एका मुलाला व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात घातलं आणि मला विचारलं, तुमच्या मुलांचं काय? म्हटलं, आमच्याकडे व्यक्तिमत्त्व आधीच उतू चाललंय, त्याला आवर घालणारं शिबिर असेल तर सांगा. त्या दिवसापासून त्या जिन्यात भेटल्या की पिशवीत काहीतरी शोधतात.

जुळ्यांची मला फिकीर नव्हती. त्यांना एक बादली पाणी आणि दोन जुने ब्रश दिले आणि गच्चीची भिंत रंगवायला सांगितली. पाण्याने रंगवलेली भिंत उन्हात वाळते आणि पुन्हा कोरी होते, म्हणजे काम संपायचा प्रश्नच नाही. बरेच दिवस ही गोम त्यांच्या लक्षात आली नाही. (आली तेव्हा त्यांनी आजीची पाठ रंगवायला घेतली. सासूबाईंना गार वाटलं, त्यामुळे तक्रार आली नाही.) खरा प्रश्न थोरलीचा. बारावं लागल्यापासून पोरगी गप्पगप्प झाली आहे. पुस्तक घेऊन बसली की जुळे मांडीत, उठून उभी राहिली की सासूबाईंना चष्मा हवा, आरशात बघायला गेली की मागून आम्ही सगळे आरशात. दोन खोल्यांत सहा माणसं म्हटल्यावर दुसरं काय होणार! संध्याकाळी शोधावं तर बाईसाहेब जिन्याच्या पायरीवर. काय झालं विचारलं की 'काही नाही'. दादा, त्या 'काही नाही'ने माझी झोप उडाली. शाळा उघडायच्या आत हिला खळखळून हसवायचंच, आणि तेही फुकटात, असा मी चंग बांधला.

मार्ग मला पेपरात सापडला. एका नव्या इमारतीची जाहिरात होती: नमुना घर पाहायला सहकुटुंब या, थंड पेय मोफत. आता कोणी इतक्या आग्रहाने सहकुटुंब बोलवत असेल तर कुटुंब घरी ठेवणं बरं दिसत नाही. रविवारी आम्ही सहाही जण ठेवणीतले कपडे घालून हजर झालो. आत थंडगार वारा, कोऱ्या भिंती आणि टाय बांधलेला एक गृहस्थ (मुलांनी त्याचं नाव लगेच टायकाका ठेवलं). नमुना घर म्हणजे काय चीज असते ते तुला सांगायलाच हवं. टीव्ही पुठ्ठ्याचा. कपाटातल्या पुस्तकांना नुसत्या पाठी, पोटात काही नाही. टेबलावरची फळं मेणाची, हे धाकट्या जुळ्याला दात रुतल्यावर कळलं. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड केलेला. हे त्यावर आडवे झाले तर पोटऱ्यांपासून पाय बाहेर. सासूबाईंनी ओट्याच्या इतक्या चुका काढल्या की टायकाका खिशातून पेन काढून लिहून घ्यायला लागला. मी मात्र 'विचार करून सांगतो' हे वाक्य अशा काही रुबाबात म्हटलं की माझं मलाच पटलं.

या गडबडीत थोरली कुठे दिसेना. मुलांच्या खोलीचं दार आतून बंद होतं. टायकाकाने ठोठावलं, तर आतून आवाज आला, 'कोण आहे? थांबा, येते.' आणि तो बिचारा थांबला की रे! मागे दुसरं गिऱ्हाईक उभं, ते विचारतंय, इथे कोणी राहतं का? थोड्या वेळाने बाईसाहेब दार उघडून बाहेर आल्या आणि हसल्या. सुट्टीतलं पहिलं हसू! घरी येईपर्यंत जुळ्यांना चिडवत होती, आजीची नक्कल करत होती. मी यांना म्हटलं, बघा, गार हवेचा परिणाम. (इथे माझं चुकलं, पण तेव्हा मला कोण सांगणार?)

मग आमचा दर रविवारचा शिरस्ताच पडला. टायकाकाला आमचं पाणी दुसऱ्याच भेटीत कळलं असावं, पण गडी भला. त्याचीही पोरं सुट्टीत घरी बसलेली. 'या, गर्दी दिसलेली बरी असते,' म्हणायचा आणि सरबत पुढे करायचा. थोरली आली की थेट त्या खोलीत. हळूहळू तिने तिथे आपला कंगवा नेला, वह्या नेल्या, आणि परवाच्या रविवारी दारावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली: ठोठावून यावे. नेमके त्याच दिवशी इमारतीचे मोठे साहेब चार बड्या पाहुण्यांना घेऊन आले. मोठा माणूस झाला तरी लिहिलेलं पाळतोच; त्यांनी ठोठावलं. आतून उत्तर आलं, 'नंतर या, वाचतेय.' साहेब दोन पावलं मागे सरले आणि हळूच विचारते झाले, हा फ्लॅट विकला का आपण? टायकाकाचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई मालकिणीच्या थाटात म्हणाल्या, 'बसा ना, पाणी आणते,' आणि त्यांनी नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं, कारण त्याला पाइपच नव्हता. पाहुण्यांनी ते पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी साहेबांना सरळ सांगितलं की चूक सर्वस्वी माझी, या गृहस्थांना आम्ही खरी गिऱ्हाइकं वाटलो. नोकरी वाचली त्याची. आम्हाला मात्र पुन्हा न येण्याबद्दल फार सभ्य शब्दांत सांगण्यात आलं. परतताना थोरली हातात ती चिठ्ठी घेऊन चालत होती. मी म्हटलं, अगं, असं घर आपणही घेऊ कधीतरी. तर म्हणाली, 'आई, मला ते घर नकोच होतं. आपलंच चालेल. फक्त ही चिठ्ठी लावायला कुठेतरी जागा पाहिजे.' दादा, मला भर रस्त्यात रडू कोसळलं. डोळ्यात धूळ गेली म्हणाले, तर यांनी खरोखरच फुंकर घातली.

असो. बाकी सुट्टी झकास चालली आहे आणि आम्हाला कशाचीही गरज नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या गोदामात पाडलेल्या घरांची जुनी दारं विकायला ठेवलेली असतात, त्यातलं एखादं लवकर न खपणारं असेल तर पाठव. आमच्या कपाटामागे जेमतेम खाटेपुरती जागा निघते आहे, आणि फळ्यांची भिंत घालायचं यांनी कबूल केलं आहे. दार अरुंद चालेल, रंग उडालेलं चालेल, करकरणारं तर फारच उत्तम. कडी मात्र आतून हवी.

आणखी एक. 'कशाचीही गरज नाही' हे वाक्य मी खोडत नाही, कारण त्या ओळीत अक्षर चांगलं आलं आहे.

शेवटचं. पत्र घरात वाचून दाखवलं आणि पंचाईत झाली. 'थोरली शाळेत गेली की दुपारी दाराआड मी बसणार,' असं सासूबाईंनी जाहीर करून टाकलं. थोरलीने मोठ्या मनाने परवानगी दिली. सासूबाईंनंतर माझा नंबर आहे. आत जाऊन मी काही करणार नाही, नुसती बसणार आहे. यांनी विचारलं, मग मी? म्हटलं, तुम्ही ठोठावा.